आपल्या समाजांतील नृत्यसमारंभ : पूर्वीं आणि आतां

परमेश्वराच्या अपार कृपेनें आपल्या धर्मग्रामाचा हा ज्युबिली महोत्सव पाहण्याचें भाग्य आम्हां सर्वांस लाभलें आहे. अशा प्रसंगीं देवळाच्या इमारतीचा, धर्मगुरूंचा, शाळेचा व सोदॅलिटीचा इतिहास लिहिला जातो, आणि तो लिहिलाच पाहिजे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ वेदी व व्यासपीठ नव्हे. मिस्सा आटोपल्यावर जेथें लोक जमतात तें आवार, जेथें लग्नाचा मांडव पडतो तें अंगण, आणि जेथें नाताळांत व ईस्टरांत नाच होत असे तें सभागृह, हींहि त्याचींच अंगें होत. ह्या शेवटल्या अंगाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. कोणाला तो क्षुल्लक वाटतो, तर कोणाला अडचणीचा. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, ज्या फरशीवर आपल्यांतील कित्येकांच्या आजी-आजोबांची प्रथम ओळख झाली, आणि जिच्याकडे पाठ फिरवून आज आपलीं नातवंडें रात्रीं दूर शहरांत जातात, तिचा वृत्तांत ज्युबिलीच्या पुस्तकांत एकदां तरी नमूद व्हावा.

नाच व धर्म ह्यांचें नातें प्रथमपासूनच दुहेरी आहे. पवित्र शास्त्रांत दावीद राजा कराराच्या कोशापुढें देहभान विसरून नाचला. आणि त्याच शास्त्रांत हेरोदाच्या वाढदिवशीं झालेल्या एका नाचापायीं स्नापक योहानाचें शिर तबकांत आलें. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या भक्तिमार्गावरील आपल्या ग्रंथांत संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनीं नाचाला अळंब्यांची उपमा दिली आहे. उत्तमांतलीं उत्तम अळंबींहि फारशीं कामाचीं नसतात. खाणें भागच पडलें तर तीं नीट शिजवून, थोडींच खावीं, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. पावसाळ्यांत रानावनांत अळंबीं शोधणाऱ्या आपल्या लोकांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाहीं. संतांनीं सरसकट बंदी घातली नाहीं. त्यांनीं प्रमाण, विनय व सावधपणा मागितला.

आज ज्या नाचाला आपण जुना व मर्यादशील म्हणतों, तोहि एके काळीं नवा व मर्यादा सोडणारा म्हणूनच ओळखला जात होता. युरोपांतील जुन्या दरबारी नाचांत स्त्रीपुरुष रांगेनें किंवा चौकोन करून समोरासमोर उभे राहत. फार तर एकमेकांचा हात धरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीकडील खेड्यांतला वॉल्ट्झ शहरांत शिरला, आणि त्यानें जोडप्याला एकमेकांच्या कवेंत गोल गोल फिरविलें. नेपोलियनच्या पाडावाच्या वेळीं, १८१४-१५ सालीं, व्हिएन्ना येथें राजेरजवाड्यांची जी परिषद भरली, तिच्या मेजवान्यांतून ह्या नाचाचा लौकिक सर्वत्र पसरला. १८१६ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडच्या राजवाड्यांत वॉल्ट्झ झाला, तेव्हां लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें मुलींच्या आईबापांना गंभीर इशारा दिला. पुढें शंभर वर्षें लोटलीं, तोंच वॉल्ट्झ कुलीन ठरला आणि रोष दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या टँगोवर वळला. १९१४ च्या जानेवारींत रोम शहराच्या कार्डिनल-व्हिकारांनीं टँगोचा जाहीर निषेध केला. ३१ मार्च १९१६ रोजीं रोमहून निघालेल्या एका आदेशानें उत्तर अमेरिकेंतील धर्मगुरूंना, धर्मकार्यासाठीं निधि जमविण्याच्या हेतूनेंहि, नाचाचे समारंभ भरविण्यास मनाई केली. आणि १७ डिसेंबर २०१४ रोजीं, म्हणजे त्या निषेधास शंभर वर्षें होत असतांना, ब्युनोस आयर्स येथें जन्मलेले परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस ह्यांच्या वाढदिवशीं संत पेत्राच्या चौकाजवळ जोडप्यांनीं गर्दी करून टँगो केला, आणि तो त्यांच्या सन्मानार्थच!

ह्यावरून एवढा बोध घ्यावा कीं, प्रत्येक पिढीला आपल्या तारुण्यांतला नाच सभ्य व पुढल्या पिढीचा असभ्य वाटतो. म्हणून पावलें कशीं पडतात, एवढ्यावरून आम्ही निवाडा करणार नाहीं. नाचाच्या वेळीं कोण वाजवितो, कडेला कोण बसतें, आणि दिवा केव्हां मालवतो, हे तीन प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. वसई व साष्टी हा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीज अमलाखालीं होता. साष्टी १७३७ त व वसई १७३९ त मराठ्यांनीं घेतली. राज्य गेलें, पण देवळें राहिलीं, आणि देवळांबरोबर गाणें राहिलें. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणावें, मांडवांत बायकांनीं आपल्या बोलीतलीं गाणीं म्हणावीं, घुमटाच्या व पुढें ब्रास बँडच्या तालावर लहानथोरांनीं नाचावें, हा आपला रिवाज. हा नाच जोडीचा नव्हता. तो घराचा व गांवाचा होता. गोव्यांत तर सोळाव्या शतकापासून देवळाला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थना व अक्षरें ह्यांबरोबर पाश्चात्य स्वरलिपि वाचण्यास शिकवीत. गांवचा मेस्त व्हायोलिन हातीं घेऊन पोरांचे सूर घटवी, तो केवळ मिस्सेंत चांगलें गायन व्हावें म्हणून. ह्या शिक्षणाचें एक फळ म्हणजे एकोणिसाव्या शतकांत साष्टी तालुक्यांतील — गोव्यांतल्या साष्टींतील — वाड्यांतून उदयास आलेला मांडो. त्यांत स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगा करून, हातांत पंखा वा रुमाल घेऊन, मंद पावलें टाकीत पुढें येत व मागें जात. स्पर्श करीत नसत. युरोपांत वॉल्ट्झ फिरत असतांना आपल्या लोकांनीं त्याचे सूर घेतले, पण अंतर राखलें.

जोडीचा नाच मुंबईंत आला तो इंग्रजांच्या क्लबांतून. १८३३ सालीं स्थापन झालेल्या भायखळा क्लबांत हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नसे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या काळीं निघालेल्या विलिंग्डन क्लबानें युरोपियन व हिंदी अशा दोघांसहि दार उघडें ठेविलें. परंतु नवल असें कीं, ज्या नाचघरांत हिंदी मनुष्य पाहुणा म्हणून जाऊं शकत नसे, तेथें वाजविणारे पुष्कळदां आपले गोमंतकीय बांधवच असत. वाद्य घेऊन ते मागल्या दारानें आंत जात आणि मागल्या दारानेंच बाहेर येत. देवळाच्या शाळेंत शिकलेली स्वरलिपि हीच त्यांची शिदोरी. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास गांवोगांवच्या लोकांनीं चालविलेल्या 'कुडीं'त ते राहत. एका ट्रंकेपुरती जागा, भिंतीवर गांवच्या संताची तसबीर, आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून रोझरी म्हणण्याचा नियम. रोझरी झाली कीं कामावर जावयाचें, आणि काम म्हणजे इतरांना नाचविणें!

मूकपटांच्या काळांत ह्यांतले कित्येक वादक चित्रपटगृहांत पडद्याखालीं बसून वाजवीत. १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट मुंबईंत झळकला, तेव्हांपासून तें काम हळूहळू आटलें. हॉटेलांच्या नाचगृहांचा आधार मोठा झाला. १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलेल्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णी वादकांचा ताफा आला. पुढें टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकहि आला. स्वतःच्या देशांत वर्णभेदानें गांजलेल्या ह्या कलावंतांपासून गोमंतकीय वादकांनीं जॅझची विद्या उचलली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ट्रंपेट वाजवूं लागले, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले.

ह्याच सुमारास आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांतून व कॅथलिक जिमखान्यांतून नाचाचे समारंभ रूढ झाले. त्यांचें वर्णन वडील मंडळींच्या तोंडून ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांस हें चित्र ओळखीचें वाटेल. फरशीवर पाय सुळकन् सरकावा म्हणून बारीक पावडर शिंपडलेली. व्यासपीठावर व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रंपेट व ड्रम. भिंतीलगत चारी बाजूंस बांकें व खुर्च्या. ह्या खुर्च्यांवर आया, मावश्या व आज्या बसत. तरुणानें मुलीच्या आईपुढें येऊन मान लववावी, परवानगी मागावी, एक नाच झाल्यावर मुलीला परत तिच्या जागीं आणून बसवावें. कोणाचा मुलगा कसा आहे, दारू पितो कीं नाहीं, नोकरी कोठें करतो, ह्याची चौकशी त्या खुर्च्यांवर वॉल्ट्झ संपण्यापूर्वींच पुरी होत असे. लग्नाच्या समारंभांत नवरानवरीचा पहिला वॉल्ट्झ, मग पाहुण्यांचे नाच, आणि शेवटीं 'मसाला' : म्हणजे आपल्या बोलीतलीं, कोळ्यांचीं व कोंकणी गाणीं एकापाठोपाठ एक. तेव्हां आजीहि पदर खोंचून उठे आणि नातवाचा हात धरून फरशीवर येई.

ह्या नाचाला एक पंचांग होतें, आणि तें देवळाचें होतें. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून नाताळपर्यंत, व राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत लग्नांना गंभीर आशीर्वाद मिळत नसे. त्यामुळें लग्नें नसत, आणि लग्नें नसत म्हणून नाचहि नसत. इंत्रुजाच्या दिवसांत धुमाकूळ, मग चाळीस दिवस स्तब्धता, आणि ईस्टरच्या रात्रीं पुन्हां वाद्यें. उपासानंतर अन्न गोड लागतें, तसेंच हें होतें.

परंतु ह्या काळाला सोन्याचा मुलामा देणें हा प्रामाणिकपणा होणार नाहीं. त्या फरशीवरहि सर्वांना जागा नव्हती. कोट व बूट ज्याला परवडत नसत, तो शेतकरी वा कोळी बांधव दाराबाहेरूनच पाहत राही. खुर्च्यांवरची नजर कधीं वात्सल्याची असे, कधीं विषाची. एका रात्रींत मुलीचें नांव खराब करण्याचें सामर्थ्यहि तींत होतें. ज्या मुलीला कोणी नाचावयास बोलावीत नसे, तिची भिंतीपाशीं गेलेली संध्याकाळ कोणत्याहि इतिहासांत लिहिलेली नाहीं. आणि ज्याच्या वाजविण्यावर सर्व नाचत, त्या वादकाला सोयरीक देतांना मात्र पुष्कळ घरें कां कूं करीत.

स्वातंत्र्यानंतर दृश्य पालटलें. १९४९ च्या कायद्यान्वयें १९५० सालीं मुंबई राज्यांत पूर्ण दारूबंदी आली. हॉटेलांच्या नाचगृहांची मिळकत घटली. चर्चगेटच्या उपहारगृहांतून तरुण मंडळी कॉफीच्या पेल्यावर वाद्यें ऐकूं व नाचूं लागली. दारूबंदीची दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. आपल्या वस्त्यांतील कांहीं विधवा व गरजू बायकांनीं घरांत चोरून दारू विकण्याचा मार्ग पत्करला, आणि 'आंटी' ह्या प्रेमाच्या शब्दाला शहरांत एक लज्जास्पद अर्थ चिकटला. हिंदी चित्रपटांनीं तो वर्षानुवर्षें घासून पक्का केला. मुलांना शिकवून मोठें करण्यासाठीं त्या मातांनीं काय सोसलें, हें त्या चित्रपटांत कोठें दिसत नाहीं.

हॉटेलांत काम कमी झालेले वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. लाहोरच्या हॉटेलांत ताफा चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईस येऊन शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांची वाद्यरचना करूं लागले. माजोर्ड्याच्या देवळांतील गायनमास्तरांचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस ह्यांनीं प्यारेलाल ह्यांना व्हायोलिनचे धडे दिले, आणि १९५८ सालीं सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारांत हिंदी रागांवर रचलेलें सिंफनी-संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलें. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत तर एक अपूर्व संगम झाला. दिग्दर्शक व नायक भगवानदादा पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र. संगीतकार चितळकर रामचंद्र हे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. आणि वाजविण्यास चिक चॉकलेट व त्यांचा ताफा. जे सूर पूर्वीं साहेबांच्या क्लबांत बंदिस्त होते, ते आतां गिरणगांवच्या चाळींत पोहोंचले. भगवानदादांच्या त्या सोप्या, डौलदार हालचालींना शिकवणीची, कोटाची वा जोडीदाराची गरज नव्हती. लग्नाच्या वरातींत व गणपतीच्या मिरवणुकींत आपले हिंदु शेजारी त्याच पद्धतीनें नाचूं लागले. फरशी एवढी विशाल पूर्वीं कधींच झाली नव्हती. हा लाभ आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

मोठा पालट पुढें आला, आणि तो पायांमुळें नव्हे, यंत्रामुळें आला. डिस्कोथेक हा फ्रेंच शब्द. त्याचा मूळ अर्थ तबकड्यांचा संग्रह. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पॅरिसांत वादकांऐवजीं तबकड्या लावून नाचण्याची पद्धति वाढली. १९७७ सालीं न्यूयॉर्कमध्यें 'स्टुडिओ ५४' उघडलें. आपल्याकडे 'कुर्बानी' (१९८०) व 'डिस्को डान्सर' (१९८२) ह्या चित्रपटांनीं तें वेड घरोघर नेलें. ज्या ताजमध्यें ॲबीचा ताफा वाजला, तेथेंच 'ब्लो अप' नांवाचें डिस्कोथेक निघालें. मालकाचा हिशेब सरळ होता. दहा वादकांचा पगार, जेवण व गणवेश ह्यांऐवजीं एक मनुष्य, दोन यंत्रें व तबकड्यांची पेटी. पुढें चित्रपटांतहि एका विजेच्या वाद्यानें अनेक व्हायोलिनांचें काम बळकावलें. ज्या घरांत बाप मुलाच्या हनुवटीखालीं व्हायोलिन ठेवून त्याला शिकवीत असे, तेथें तो म्हणूं लागला कीं, हें पुरे, टंकलेखन शीक. अशा रीतीनें देवळाच्या शाळेपासून नाचगृहापर्यंत चालत आलेली एक वाट तुटली. रविवारच्या मिस्सेंत व्हायोलिन कां ऐकूं येत नाहीं, असें जे विचारतात, त्यांनीं ह्या वाटेचा विचार करावा. शनिवारच्या रात्रींनें त्या हाताला अन्न दिलें, म्हणून रविवारच्या सकाळीं तो हात वेदीजवळ येत होता.

आजच्या नाइटक्लबाची स्थिति सर्वांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि त्यांच्याच आवारांत पुढें उपहारगृहें व नाचाचीं ठिकाणें उभीं राहिलीं. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर आग लागून १४ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत एक तरुणी आपला वाढदिवस साजरा करण्यास आली होती. त्या सर्वांच्या आत्म्यांस प्रभु शांति देवो. कायद्यानें महाराष्ट्रांत पंचवीस वर्षांखालील मनुष्यास कडक मद्य देतां येत नाहीं. त्यामुळें मद्यावर चालणाऱ्या ठिकाणीं मुलांना दार बंद, आणि आवाज व अंधार ह्यांमुळें वृद्धांना तें आपोआप बंद. एकाच वयाची माणसें, एकमेकांचें बोलणें ऐकूं न येणाऱ्या जागीं, पहांटेपर्यंत! दुसरीकडे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. हा नियम आजारी माणसांच्या व विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे. परंतु त्यापायीं आपल्या लग्नांतला तो शेवटचा 'मसाला' घड्याळाकडे पाहत उरकावा लागतो. गोव्याच्या पाळोळें किनाऱ्यावर तर ह्या नियमावर एक तोड निघाली. प्रत्येकानें कानांवर यंत्र चढवावें, आपापलें गाणें आपण ऐकावें, आणि नाचावें. बाहेरून पाहणाऱ्यास ऐकूं येतो तो केवळ वाळूवरच्या पावलांचा आवाज. समोरचा मनुष्य कोणत्या गाण्यावर नाचतो आहे, हें नाचणाऱ्यालाहि ठाऊक नसतें.

आमच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आतां मिळालीं. पूर्वीं माणूस वाजवीत असे, आतां यंत्र वाजतें. पूर्वीं कडेला घर बसत असे, आतां कडेला कोणी नाहीं. पूर्वीं देवळाचें पंचांग दिवा मालवीत असे, आतां परवान्याची वेळ मालविते. तरुणांना ह्याबद्दल दोष देण्यास आमचें मन घेत नाहीं. सभागृह आपण वडील माणसांनींच बंद केलें. कधीं भांडणाच्या भीतीनें, कधीं भाड्याच्या लोभानें, कधीं केवळ आळसानें. आणि बंद दारावर कुलूप लावून मुलें बाहेर कां जातात, असें आपणच विचारतों.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण दरवर्षीं ऐकतों. धाकटा परत आल्यावर घरांत गायन व नाच चालला होता, आणि थोरला शेतांतून येऊन तो आवाज ऐकून रागानें दाराबाहेरच थांबला. त्याचें वागणें निर्दोष होतें, हिशेब चोख होता. पण तो बाहेर होता. तेव्हां बाप स्वतः बाहेर आला व त्याची मनधरणी करूं लागला. बापानें वाद्यें थांबविलीं नाहींत. त्याला दोन्ही मुलगे एकाच छपराखालीं, एकाच आनंदांत पाहिजे होते. आज आपल्या धर्मग्रामांत धाकटे दूर देशीं नाचत आहेत आणि थोरले दाराशीं रुसून उभे आहेत, अशी स्थिति आहे.

म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें आमची एक विनंति आहे. वर्षांतून चार संध्याकाळीं तरी सभागृह उघडावें. गांवांत जीं दोन-चार वाजविणारीं वृद्ध मंडळी उरलीं आहेत, त्यांना सन्मानानें व्यासपीठावर बसवावें, आणि त्यांच्या शेजारीं शिकणाऱ्या दोन मुलांना बसवावें. भिंतीलगत खुर्च्या मांडाव्या, पण त्यांवरील नजर ह्या वेळीं मायेचीच असावी. कोट नसलेल्यास, जोडीदार नसलेलीस व चाकाच्या खुर्चींतल्या आजोबांस सारखेंच बोलवावें. रात्रीं दहाला दिवा मालवला तरी चालेल. सकाळीं मिस्सेला त्याच मुलाचें व्हायोलिन ऐकूं यावें, म्हणजे झालें. दाविदाला आनंदानें नाचविणारा परमेश्वर आपल्या ह्या फरशीवरहि लहानथोरांस एकत्र आणो, हीच ह्या मंगल प्रसंगीं आमची प्रार्थना.